सांध्याची कहाणी : विजेच्या गिटारीची दांडी

श्रोतेहो, कोणतेही तंतुवाद्य समोर आले की आपली नजर प्रथम तारांकडे जाते, मग खुंट्यांकडे आणि फार तर घोडीकडे. जेथे दांडी संपते आणि धड सुरू होते त्या जागेकडे सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः वाद्याचे सारे आयुष्य त्या एका जागेवर अवलंबून असते. तारा ताणल्या की त्या दांडीला घोडीच्या दिशेने ओढू लागतात, आणि वाद्य वाजो अथवा कोपऱ्यात उभे राहो, ही ओढ रात्रंदिवस चालूच राहते. विजेच्या गिटारीच्या सहा पोलादी तारांची एकत्र ओढ सुमारे ४५ किलो भरते. म्हणजे नववीत शिकणाऱ्या मुलाएवढे वजन त्या सांध्याला जन्मभर टांगलेले असते म्हणाना!

आज मी या सांध्याचा इतिहास आपल्याला सांगणार आहे. विषय सुतारकामाचा वाटेल, आणि काही अंशी तो तसा आहेही. परंतु त्याच्या पोटात दोन मोठे प्रश्न दडलेले आहेत. वाद्य बिघडले तर ते दुरुस्त करण्याची ताकद कोणाच्या हाती असावी, हा पहिला. आणि वाद्याच्या नादाविषयी आपण जे छातीठोकपणे बोलतो त्यातले आपल्या कानांनी पारखलेले किती आणि केवळ ऐकीव किती, हा दुसरा.

दांडी आणि धड जोडण्याची चिंता गिटारीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. सारंगी करणाऱ्याने ती मुळातच टाळली. तो एकाच लाकडाच्या ठोकळ्यातून सारे वाद्य कोरून काढतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याचा भोपळा आणि दांडी यांच्यामध्ये लाकडी गळा बसवून दोहोंचे नाते जुळवितात. गोव्यात चर्चच्या शाळांतून व्हायोलिन शिकण्याची परंपरा जुनी आहे. तेथील वादकांना ठाऊक असेल की इटलीतील स्ट्रॅडिव्हेरियससारख्या कारागिराने घडविलेल्या बहुतेक व्हायोलिनांच्या माना आज मूळच्या उरलेल्या नाहीत. त्या काळी मान आतल्या बाजूने खिळे ठोकून धडाला बसवीत असत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून संगीताला अधिक मोठा आवाज हवासा झाला, तारांचा ताण वाढला, आणि जुन्या माना काढून, धडात खाच कोरून, अधिक मागे कललेल्या माना सरसाने बसविण्यात आल्या. जगातील अत्यंत मौल्यवान वाद्यांचे सांधे असे बदलले गेले, आणि तरीही ती मौल्यवानच राहिली. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

गिटारीच्या बाबतीतही दोन वृत्ती प्रारंभापासून दिसतात. स्पेनमधील कारागीर दांडीच्या टोकालाच धडाच्या बाजूच्या पातळ फळ्या अडकवून सारे वाद्य दांडीभोवती उभे करीत; तेथे दांडी आणि धड यांची फारकत करणे म्हणजे वाद्यच मोडणे. उलट व्हिएन्ना येथील योहान गेओर्ग स्टाउफर याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशी गिटार केली की घड्याळाला द्यावी तशी किल्ली फिरवून तिच्या दांडीचा कल बदलता येई. त्याच शहराच्या परंपरेत तयार झालेला सी. एफ. मार्टिन १८३३ साली अमेरिकेत गेला आणि त्याच्या नावाने तेथे गिटारीचा कारखाना उभा राहिला. त्या कारखान्याने पुढे दांडीच्या टोकाला पारव्याच्या शेपटीसारखा आकार देऊन ती तशाच खाचेत सरसाने बसविण्याची पद्धत रूढ केली.

येथवरच्या सर्व गिटारींत आवाज पोकळ धडातून येत असे. विजेने हे समीकरण बदलले. १९३१ साली कॅलिफोर्नियात जॉर्ज बोशॅम्प याने लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या साहाय्याने पोलादी तारेचे कंपन विजेच्या लहरीत उतरविले. यालाच वादक पिकअप म्हणतात. त्याच्या रिकनबॅकर या कंपनीची पहिली विजेची गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाची, हवाई बेटांच्या पद्धतीची होती. दांडी आणि धड मिळून ॲल्युमिनियमचे एकच ओतीव काम, आणि आकार असा की लोक तिला तळणीचा तवा म्हणू लागले. सांधाच नाही, म्हणून सांध्याची चिंताही नाही. परंतु धातू उष्णतेने प्रसरण पावतो. रंगमंचाच्या झगझगीत दिव्यांखाली तिचे सूर ढळू लागले. १९३५ साली त्याच कंपनीने बेकेलाइटची गिटार काढली. ते कृत्रिम द्रव्य साच्यात घालून घडवावे लागे. म्हणून दांडी वेगळी आणि धड वेगळे करून दोन्ही धातूच्या स्क्रूंनी जोडण्यात आली. विजेच्या गिटारीत सुटी होणारी दांडी आली ती अशी, कारखान्याच्या सोयीतून. नादाचा विचार तेथे दुय्यम होता.

पोकळ धडाच्या गिटारीला पिकअप लावला की एक नवी पीडा उत्पन्न होई. ध्वनिवर्धकातून निघालेला आवाज धडाला हलवी, धड तारांना हलवी, आणि सारे मिळून कर्णकटू किंकाळी फुटे. उपाय एकच, तो म्हणजे भरीव धड. लेस पॉल हा वादक १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एपिफोन कारखान्यात सुटीच्या दिवशी जाऊन प्रयोग करीत असे. त्याने पाइनच्या जाड चौकोनी ओंडक्यावर तारा व पिकअप बसविले आणि त्याच्या दोन्ही बाजूंस पोकळ गिटारीचे अर्धे अर्धे अंग केवळ दिसण्यासाठी जोडले. नाद ओंडक्याचा, रूप गिटारीचे! पुढे १९४८ साली पॉल बिग्स्बी या कारागिराने मर्ल ट्रॅव्हिस या वादकासाठी जी गिटार घडविली तिच्यात दांडीचेच लाकूड धडाच्या मध्यातून आरपार शेवटपर्यंत गेले होते. खुंट्यांपासून घोडीपर्यंत एकच काष्ठ. धडाचे दोन्ही पंख त्याला बाजूने चिकटविलेले. अखंड दांडीची ही रीत अत्यंत देखणी, परंतु वेळखाऊ आणि खर्चिक होती.

आता या कथेतील मुख्य पुरुष येतो. लिओ फेंडर याचा जन्म १९०९ चा. १९३८ साली त्याने कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान घातले. त्याला गिटार वाजविता येत नव्हती, आणि मला वाटते, हेच त्याचे बळ ठरले. वाद्यकाराच्या घराण्यात जे गृहीत धरले जाते ते त्याने गृहीत धरले नाही. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस यंत्राकडे एका विशिष्ट दृष्टीने पाहतो. नळी जळाली की ती उपटून दुसरी बसवावयाची. एका नळीसाठी सारा रेडिओ कोणी फेकून देत नाही. हीच दृष्टी त्याने गिटारीला लावली. पडदे झिजणारच, दांडी कधीतरी वाकणारच. मग ती चार स्क्रू सोडवून काढता यावी आणि तिच्या जागी दुसरी बसवून वादकाने त्याच रात्री कार्यक्रमास जावे, असे का नसावे?

१९५० साली त्याची भरीव गिटार बाजारात आली. प्रारंभी तिचे नाव एस्क्वायर, त्याच वर्षी दोन पिकअप असलेलीचे ब्रॉडकास्टर, आणि त्या नावावर ग्रेच या वाद्यकंपनीने हरकत घेतल्यामुळे १९५१ पासून टेलिकास्टर. धड सपाट फळीचे. त्यात साच्याच्या आधाराने यंत्राने कोरलेली चौकोनी खाच. दांडी मेपलच्या एकाच तुकड्याची. मागून धातूची पट्टी आणि चार स्क्रू. या जोडाला इंग्रजी भाषिक वादक बोल्टचा जोड म्हणतात, परंतु ते बोल्ट नसून लाकडात फिरविण्याचे साधे स्क्रूच होत. विशेष हे की या योजनेची कसोटी तत्काळ लागली. पहिल्या एस्क्वायर गिटारींच्या दांडीत आतून आधार देणारी पोलादी सळई नव्हती. काही दांड्या ताणाखाली वाकल्या, तक्रारी आल्या, आणि अखेर फेंडरला सळई घालावी लागली. परंतु वाकलेल्या दांडीबरोबर गिटार टाकून द्यावी लागली नाही. दांडी बदलली की काम भागले. कर्त्याची चूक सुधारण्याची सोय त्याच्या कृतीतच होती.

प्रतिष्ठित वाद्यकारांना हा प्रकार फळकुटाचा वाटला. तथापि बाजाराने निराळा कौल दिला, आणि मिशिगनमधील कॅलमझू येथील गिब्सन या जुन्या कंपनीस उत्तर देणे भाग पडले. टेड मॅकार्टी १९५० साली तिचा अध्यक्ष झाला, आणि १९५२ साली लेस पॉलचेच नाव धारण करणारी भरीव गिटार गिब्सनने काढली. धड महोगनीचे, वर मेपलची घुमटदार फळी; आणि दांडी? दांडी मात्र कुळाचाराप्रमाणे सरसाने चिकटविलेली. दांडीच्या टोकाला ठेवलेली जीभ, सुतार जिला कुसू म्हणतात, ती धडातील खाचेत घट्ट बसवावयाची. घुमटामुळे घोडी उंच येते, म्हणून दांडी मागे किंचित कलती असावी लागते. १९५२ च्या गिटारींत हा कल फारच थोडा राहिला. तारा घोडीच्या दांड्यावरून न्यावयाच्या त्या खालून न्याव्या लागल्या, आणि उजव्या तळव्याने तारा दाबून नाद आवरण्याची वादकांची लकब अशक्य झाली. १९५३ साली गिब्सनने कल वाढविला, घोडी बदलली आणि दोष दूर केला. परंतु आधीच विकल्या गेलेल्या गिटारींचे काय? सरसाने जखडलेली दांडी वाफ देऊन, पातळ सुरीने जपून सैल करता येते खरी. पण ते निष्णात कारागिराचे काम, चार स्क्रूंचे नव्हे. तेच फेंडरच्या गिटारीत खाचेच्या तळाशी पुठ्ठ्याची बारीक पट्टी सारली की कल बदलतो, आणि फेंडरच्या कारखान्यातही सर्रास तसे करीत असत.

मग सरसाच्या सांध्याचा लाभ तो कोणता? लाभ आहे. स्क्रूच्या जोडाला मागे लाकडाचा जाड ठोकळा लागतो, आणि वरच्या पडद्यांवर जाताना अंगठा त्यावर अडतो. सरसाच्या सांध्याला हा भाग निमुळता घासता येतो, हात सहज सरकतो. मात्र या सुखाची किंमत असते. १९५९ च्या सुमारास गिब्सनने लेस पॉल स्पेशल या गिटारीचे धड दांडीच्या दोन्ही बाजूंनी कापून सारे पडदे मोकळे केले. तेव्हा पिकअपची खाच आणि सांध्याची खाच एकमेकींना इतकी भिडली की सांधा दुबळा झाला. अखेर पिकअप घोडीच्या दिशेने थोडा खाली सरकवावा लागला. १९६१ साली आलेल्या, पुढे एस. जी. नावाने प्रसिद्ध झालेल्या पातळ गिटारीची दांडी जवळजवळ सबंध मोकळी होती. बोटे बाविसाव्या पडद्यापर्यंत पोचत. पण सांध्याला धरावयाला लाकूड इतके थोडे की दांडी जराशी दाबली तरी सूर हले. पुढील वर्षांत गिब्सनने तो सांधा पुनःपुन्हा भरभक्कम केला. मोकळीक आणि मजबुती या दोन्ही एका दमात मिळत नाहीत, हे येथे दिसते.

अखंड दांडीची रीतही याच काळात कारखान्यांत आली. रिकनबॅकरने १९५७ साली आपल्या मंद्र सुरांच्या गिटारीत, म्हणजे बेसमध्ये, तिचा अवलंब केला. गिब्सनने १९६३ साली फायरबर्ड ही गिटार त्याच रीतीने केली. तिची आकृती रे डिट्रिक या मोटारींच्या रचनाकाराची होती. तिला सांधा नव्हता, टाच नव्हती, हात कोठेही अडत नव्हता. पण अवघ्या दोन वर्षांत, १९६५ साली, फायरबर्डची दांडी पुन्हा सरसाच्या सांध्यावर आली. खर्च हा त्याचा उघड हिशेब होता. शिवाय अखंड दांडी जर कायमची पिळवटली तर तिच्याबरोबर सारी गिटारच जाते.

स्क्रूच्या सांध्याचीही परीक्षा व्हावयाची होती. १९६५ च्या जानेवारीत फेंडरने आपला कारखाना सी. बी. एस. या नभोवाणी कंपनीस १ कोटी ३० लाख डॉलरला विकला. १९७१ च्या अखेरीपासून स्ट्रॅटोकास्टर या गिटारीचे चार स्क्रू जाऊन तीन आले. त्याबरोबर धडाच्या मागील बाजूस एका छिद्रातून किल्ली घालून दांडीचा कल बदलण्याची युक्तीही आली. व्हिएन्नाच्या स्टाउफरची कल्पनाच जणू दीड शतकाने परतली! कल्पना चांगली होती. परंतु त्या काळात खाचा सैल कोरल्या जाऊ लागल्या. तीन स्क्रूंवरची दांडी सैल खाचेत डावी-उजवीकडे सरके आणि तारा पडद्यांच्या कडेवरून घसरत. वादकांनी तीन स्क्रूंना दोष दिला, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी चार स्क्रू परत आले. दोष मात्र स्क्रूंच्या संख्येचा नव्हता. खुद्द लिओ फेंडरने पुढे म्युझिक मॅन या कंपनीत १९७६ साली जी बेस गिटार काढली तिलाही तीनच स्क्रू होते, आणि ती वादकांनी डोक्यावर घेतली. फरक नेटकेपणाचा होता. लाकूड लाकडाला सर्व अंगांनी भिडले की तीन पुरतात. न भिडले तर चारही अपुरे.

आता नादाचा प्रश्न. वादकांत एक दृढ समजूत आहे. अखंड दांडीचा नाद सर्वांत दीर्घ, सरसाच्या सांध्याचा त्याखालोखाल, आणि स्क्रूच्या जोडाचा नाद लवकर विरतो. कारणमीमांसाही सोपी सांगतात: सांधा आला की कंपन अडते. परंतु क्षणभर विचार करा. विजेच्या गिटारीत पिकअप ऐकतो तो तारेला. तारेचे कंपन लाकडात उतरले म्हणजे तारेजवळून ते गेले. नाद टिकावा असे वाटत असेल तर कंपन लाकडात न जाता तारेतच राहिले पाहिजे. पोकळ गिटारीला जे हवे त्याच्या नेमके उलट!

कंपन प्रत्यक्षात जाते कोठे, हे जर्मनीतील हेल्मुट फ्लायशर आणि टिलमन त्स्विकर यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोजून पाहिले. भरीव धड जवळपास निश्चल असते. हलते ती दांडी. दांडीला स्वतःची काही कंपने असतात. एखाद्या पडद्यावरील सुराचे कंपन तेथील दांडीच्या कंपनाशी जुळले की दांडी ते शोषून घेते आणि तो सूर इतरांहून लवकर मावळतो. वादक अशा ठिकाणाला मुकी जागा म्हणतात. तेव्हा दांडीचा ताठपणा, तिची जाडी, खुंट्यांकडील वजन, यांचा वाटा येथे मोठा आहे. पुढे २००७ साली आर. एम. मॉटोला यांनी सांध्याच्या तिन्ही प्रकारांची तुलना करून पाहिली आणि ती अमेरिकेतील वाद्यकारांच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. स्क्रूच्या जोडाचा नाद तोकडा असतो, या समजुतीला तीत आधार मिळाला नाही.

याचा अर्थ टेलिकास्टर आणि लेस पॉल यांचे नाद सारखे, असा मात्र नव्हे. ते वेगळे आहेत, हे कोणाचाही कान सांगेल. पण त्यांचे पिकअप वेगळे, घोड्या वेगळ्या. तारांची कंप पावणारी लांबी एकीत साडेपंचवीस इंच, तर दुसरीत त्याहून पाऊण इंचाने कमी. इतक्या साऱ्या भेदांतून सारे श्रेय किंवा सारा दोष एकट्या सांध्याच्या माथी मारणे, म्हणजे वर्गातील गोंगाटासाठी दाराजवळ बसलेल्या मुलालाच नेहमी उभे करण्यासारखे आहे. तो दिसतो, म्हणून सापडतो!

तर मग सांध्याने काय होते? त्याने वाद्याचे आयुष्य ठरते. वरच्या पडद्यांवर हात कसा पोचेल, सूर स्थिर राहतील की हलतील, कल चुकला तर तो सुधारता येईल का, आणि सुधारणारा माणूस लांबच्या शहरातला तज्ज्ञ असेल की हाती स्क्रू फिरविण्याचे हत्यार धरलेला स्वतः वादक, हे सर्व सांधा ठरवितो. मोठ्या शहरात, धनवान वादकाला हा भेद कदाचित जाणवणार नाही. परंतु ज्या गावी वाद्ये दुरुस्त करणारा कोणी नाही, तेथे एखाद्या तरुणाची एकुलती एक गिटार वाकली, तर त्याचे वादन चालू राहणार की थांबणार, हा प्रश्न चार स्क्रूंवर येऊन ठेपतो. लिओ फेंडर १९९१ साली वारला. त्याची ही देणगी मात्र टिकली आहे. ज्या पोकळ गिटारींच्या जगात सरसाशिवाय दुसरा देव नव्हता, तेथेही टेलर या अमेरिकन कंपनीने बोल्टने बसविलेली दांडी प्रतिष्ठित केली, आणि १९९९ पासून तर तिचा कल पातळ पट्ट्यांनी नेमका साधण्याची पद्धत आणली.

म्हणून मी सरसाच्या सांध्याला कमी लेखत नाही. नीट साधलेला सरसाचा सांधा हे मानवी हाताचे सुंदर काम आहे, आणि ज्याला गुळगुळीत टाच हवी त्याने तो अवश्य निवडावा. अखंड दांडीचेही तसेच. माझे सांगणे एवढेच की निवडताना खरे कारण ओळखावे. हाताच्या सुखासाठी निवडले तर हात साक्ष देईल. दुरुस्तीच्या सोयीसाठी निवडले तर काळ साक्ष देईल. केवळ अमुक सांध्याचा नाद थोर, असे कोणी म्हणाले म्हणून मात्र निवडू नये. ज्या स्ट्रॅडिव्हेरियसच्या व्हायोलिनांपुढे जग नतमस्तक होते, त्यांचेही सांधे एकदा उकलून पुन्हा जोडले गेले, आणि म्हणूनच नव्या ताणाच्या तारा सोसून त्या आजही सभागृहांतून गात आहेत. उकलता येणे हा सांध्याचा कमकुवतपणा नव्हे. पुष्कळदा तेच त्याचे सामर्थ्य असते.

पुढे कधी विजेची गिटार हाती घेण्याचा योग आला तर, श्रोतेहो, ती पालथी करून दांडी आणि धड भेटतात ती जागा अवश्य पाहा. तेथे चार स्क्रू आहेत की गुळगुळीत लाकूड, हे तर पाहाच. पण त्याहून अधिक हे पाहा की दोन लाकडांमध्ये फट किती आहे. कारागिराची खरी सही तेथे असते. इतके सांगून मी आपली रजा घेतो.